अनुदान कीं दान?

आमचे धाकटे चिरंजीव दिल्लीस असतात. विजेवर चालणारी मोटार घेतल्यावर त्यांनीं घरीं चार्जिंगचें यंत्र बसविलें व सरकारी अनुदान घेतलें. दिल्लीच्या २०२० सालच्या धोरणांत घरीं वा कामाच्या ठिकाणीं बसविलेल्या पहिल्या ३०,००० यंत्रांस प्रत्येकीं ६,००० रुपयांपर्यंत साह्य ठेविलें होतें. मीं रागानें लिहिलें, "पोट भरलेल्यानें हात कां पसरावा?"

उत्तर आलें, "बाबा, हें दान नव्हे. दिल्लीचा धूर सर्वांच्याच छातींत जातो. तो कमी व्हावा म्हणून ही सूट आहे."

मी वरमलों. रघुवंशांत कालिदासानें राजाच्या करास सूर्यानें शोषलेल्या जलाची उपमा दिली आहे; सहस्रपट परत देण्यासाठींच तो तें घेतो. ही उपमा मीं वर्षानुवर्षें मुलांस शिकविली, आणि घरच्या अनुदानांत मात्र मला ती दिसली नाहीं!

तरी एक शल्य उरतेंच. पाऊस सर्वांच्या शेतांवर पडतो. हें साह्य मात्र ज्याच्या दारीं मोटार उभी करण्यास जागा आहे त्याच्याच पदरीं पडलें. म्हणून चिरंजीवांस पुन्हां लिहिलें आहे, "यंत्र बसविलेंस, उत्तम केलेंस. आतां गल्लींतल्या रिक्षावाल्यासही तें वापरूं देशील काय?"

उत्तराची वाट पाहत आहें.