हिमनदीसमोरचा गरम पेला

अलास्काच्या समुद्रप्रवासाहून परतल्यापासून आप्तेष्ट एकच प्रश्न विचारतात, "बर्फाचे डोंगर कसे दिसले?" डोंगर भव्यच होते. तथापि त्या प्रवासातील एक साधा गरम पेला आणि त्याविषयी माझ्या पत्नीने विचारलेला एक प्रश्न माझ्या मनात अधिक खोल रुतला आहे. तीच हकीकत येथे सांगतो.

आमची कन्या व जावई कॅनडात असतात. त्यांच्या आग्रहावरून जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही उभयता व्हँकूवर बंदरातून जहाजात बसलो. जुनो आणि स्कॅग्वे ही बंदरे मागे टाकून एका पहाटे जहाज ग्लेशियर बे या उपसागराच्या मुखाशी आले. लहानशा नावेतून राष्ट्रीय उद्यानाचे वनरक्षक जहाजावर चढले आणि ध्वनिक्षेपकावरून माहिती देऊ लागले. येथे दिवसाला मोठी प्रवासी जहाजे दोनच सोडतात. सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी हा सारा उपसागर बर्फाने भरलेला होता. पुढे सरकणाऱ्या त्या बर्फाने ट्लिंगिट लोकांना आपली वस्ती सोडून जावे लागले. १७९४ साली व्हँकूवरच्या मोहिमेतील खलाशी आले, तेव्हा त्यांना मुखापासून थोड्याच अंतरावर बर्फाची भिंत आडवी आली. त्यानंतर बर्फ सुमारे ६५ मैल मागे हटला आणि त्याने मोकळ्या केलेल्या पाण्यातून आज जहाजे जातात.

जहाज आत शिरू लागले तशी थंडी वाढली. बर्फावरून खाली उतरणारा वारा थेट अंगावर येतो. लोकरीची टोपी, हातमोजे आणि दोन स्वेटर असूनही बोटे बधिर झाली. तरीही आत काचेमागे बसण्यास कोणी तयार नव्हते, कारण बर्फाचा कडा केव्हा कोसळेल याचा नेम नसतो. अशा वेळी हातात गरम पेला असला की माणूस आणखी तासभर उभा राहू शकतो. जहाजवाल्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या जहाजांवर सकाळी अकराच्या सुमारास, घोंगडी पांघरून आरामखुर्चीत पहुडलेल्या प्रवाशांना सेवक मांसाचा गरम अर्क आणून देत. १८७३ साली रॉटरडॅम येथे स्थापन झालेल्या हॉलंड अमेरिका लाइनने या हिमनद्यांसमोर आपल्या देशाचे वाटाण्याचे सूप वाढण्याची प्रथा ठेवली आहे. आमचे जहाज त्याच कंपनीचे होते.

सेवक मोठे तबक घेऊन आले. हिरवट, दाट, वाफाळते सूप. सभोवतालच्या मंडळींनी भराभर पेले उचलले. मीही हात पुढे केला. वाटाण्याचे सूप म्हणजे आपल्याला चालणारेच, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. तेवढ्यात पत्नी हळूच म्हणाली, "अहो, यात काय काय घातले आहे ते विचारा ना त्याला."

मी म्हणालो, "एवढ्या लोकांत कशाला? वाटाणाच आहे."

येथे एक कबुली देणे भाग आहे. बँकेत ३६ वर्षे नोकरी केली. बदलीच्या गावी मेजवान्या झाल्या, बैठकांत चहापान झाले. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी मी प्रत्येक ओळ वाचत असे. ताटात काय आहे हे मात्र संकोचापोटी कधी विचारले नाही. जे माहीत नाही त्याचा दोष नाही, अशी स्वतःची समजूत घालत आलो. पत्नीला ती समजूत मान्य नव्हती. तिने आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतःच सेवकाला विचारले.

तो तरुण थांबला. हे डच सूप आहे, यात डुकराचे मांस आहे, शिवाय बटाटा, गाजर, कांद्याच्या जातीची लीक नावाची भाजी आणि सेलरीचा कंद आहे, असे त्याने नीट सांगितले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी जावा बेटावरचा मुसलमान आहे. मीही हे खात नाही. दिवसभर वाढतो मात्र मीच." तिने विचारले याचा त्याला आनंद झाला असावा. तिला काय चालेल, असे त्याने आपणहून विचारले.

पत्नीचा उकळलेल्या पाण्याचा नियम आहे. तिने फक्त उकळते पाणी मागितले. पाच मिनिटांत तो झाकलेले भांडे आणि दोन पेले घेऊन आला. पिशवीतल्या डबीतून तिने सुंठ, मिरे व वेलदोडा यांची पूड काढली, थोडी साखर घातली. मार्जरी हिमनदीसमोर आम्ही तो काढा प्यालो. पाण्यावर सुमारे २५० फूट उंच आणि मैलभर रुंद अशी ती निळसर भिंत. एक कडा सुटला. तो पाण्यात पडताना आधी दिसला, गडगडाट मागाहून आला. पेला दोन्ही हातांत धरून मी उभा होतो, आणि हात थरथरत होते ते केवळ थंडीने नव्हते.

या प्रवासास निघणाऱ्या वाचकांसाठी चार गोष्टी. जैन आहाराची नोंद तिकीट काढतानाच करावी आणि कंदमूळ म्हणजे काय ते भाज्यांची नावे देऊन लिहावे. भाजीच्या सुपाचाही आधार पुष्कळदा कोंबडीच्या वा हाडांच्या पाण्याचा असतो, म्हणून तेही विचारावे. गरम चॉकलेट घ्यायचे असल्यास वर तरंगणारे पांढरे मार्शमॅलो नको म्हणावे, कारण त्यात सहसा प्राणिज जिलेटिन असते. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा चौविहार सांभाळणे मुळीच अवघड नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी मी तबकाकडे बोट दाखवून सेवकाला विचारले, "यात काय काय आहे?" पत्नीने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही, आणि माझ्या पेल्यात उकळलेले पाणी ओतले.