श्रीरामपूरचें ऋण

श्रीरामपुरास जाऊन येतों, असें आम्हीं घरांत सांगितलें तेव्हां धाकट्या वहिनींनीं विचारलें, "नगराकडे एवढें काय काम निघालें, भाऊजी?" परंतु आम्हांस जावयाचें होतें तें उसाच्या मळ्यांचें श्रीरामपूर नव्हे. तें बंगाल्यांत, कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या पश्चिम तीरावर आहे. इंग्रज त्यास सेरामपूर म्हणत; डेन लोकांच्या अमलांत त्याचें नांव फ्रेडरिकनगर होतें. वाचक म्हणतील, जन्मभर संस्कृत शिकविलेल्या पेन्शनर मास्तरास ख्रिस्ती धर्मविद्येच्या पीठांत काय पाहावयाचें होतें? त्याचें कारण तीस वर्षांपूर्वीं आम्हीं ओढलेली एक तांबडी रेघ.

नववीच्या वर्गांतील एका ख्रिस्ती विद्यार्थ्यानें निबंधांत लिहिलें होतें कीं, मराठीचें एक छापील व्याकरण १८०५ सालीं बंगाल्यांत निघालें. आमच्या डोक्यांत दादोबा पांडुरंगांचें १८३६ चें व्याकरण तेवढें पक्कें. "हें तुला कोणीं सांगितलें?" "आजोबांनीं, गुरुजी." आजोबा चर्चमध्यें उपदेशक होते. "मिशनऱ्यांच्या गप्पा वर्गांत आणूं नयेत," असें म्हणून आम्हीं त्या वाक्यावर रेघ मारली व अर्धा गुण कापला. वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला. पुढें निवृत्तीनंतर जुन्या छापखान्यांचा इतिहास चाळतांना तें वाक्य अक्षरशः खरें असल्याचें आढळलें, आणि तें मनांतून जाईना.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त कोलकात्यास असतो. त्याच्याकडे उतरून आम्ही एके सकाळीं हावड्याहून लोकल गाडीनें निघालों व पाऊण तासाच्या आंत श्रीरामपुरास पोंचलों. समोरच्या तीरावर बराकपूर, मध्यें संथ रुंद नदी, आणि अलीकडे उंच स्तंभांची कॉलेजची जुनी इमारत. आंतील लोखंडी जिना डेन्मार्कच्या राजानें दिलेला. आवारांतच कॅरे ग्रंथालय व संशोधन केंद्र आहे.

विल्यम कॅरे हे मूळचे इंग्लंडांतील एक चांभार. १७९३ मध्यें ते बंगाल्यांत आले. कंपनी सरकारास मिशनरी नकोसे असल्यामुळें १८०० च्या जानेवारींत त्यांनीं या डॅनिश वसाहतीचा आश्रय घेतला. जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे त्यांचे सहकारी. १८०१ पासून फोर्ट विल्यम कॉलेजांत ते बंगाली व संस्कृत शिकवूं लागले. पुढें मराठीहि त्यांच्याकडे आली. १८०५ मध्यें त्यांचें मराठी व्याकरण येथें देवनागरी अक्षरांत छापलें गेलें आणि १८१० मध्यें मोडी टायपांत मराठी कोश निघाला. १८१२ च्या ११ मार्च रोजीं छापखान्यास आग लागून कागद, टाईप आणि वर्षानुवर्षांच्या श्रमाचीं हस्तलिखितें जळालीं. तरी काम पुन्हा उभें राहिलें. १८१८ सालीं त्यांनीं हें कॉलेज काढलें तें ख्रिस्ती मुलांबरोबर इतरांसाठींहि, आणि पौर्वात्य वाङ्मय व पाश्चात्य शास्त्रें हीं दोन्ही शिकविण्यासाठीं. १८२७ मध्यें डेन्मार्कच्या राजानें त्यास पदव्या देण्याची सनद दिली. आज देशांतील कित्येक धर्मविद्यालयें येथील सीनेटच्या पदव्या देतात.

वाचनालयांत एक वयोवृद्ध बंगाली प्राध्यापक आपल्या शिष्येस मार्गदर्शन करीत बसले होते. ती मिझोरामची. आपल्या भाषेंत बायबल कसें उतरलें यावर ती प्रबंध लिहीत होती. गुरुजींनीं तिचें प्रकरण वाचून हळूच विचारलें, "भाषांतर करणाऱ्या साहेबांचीं नांवें तूं दिलींस. पण त्यांना शब्द पुरविले कोणीं? त्या माणसांचीं नांवें शोध. नांव न मिळालें तर गांव शोध." ती मान खालीं घालून टिपून घेत होती. पिंपळाखालीं असो कीं पंख्याखालीं असो, गुरुशिष्यांचें हें दृश्य आम्हांस परकें वाटलें नाहीं.

आमचें येण्याचें प्रयोजन ऐकल्यावर ते उठले. "या, मास्टरमोशाय," म्हणून त्यांनीं तें १८०५ चें पुस्तक आम्हांस दाखविलें. पिवळ्या पडलेल्या पानांवर आमचींच विभक्तिरूपें पाहून आम्ही कांहीं वेळ बोललों नाहीं. शीर्षपृष्ठावर नांव कॅरे यांचें होतें. प्राध्यापक म्हणाले, "साहेब येथें आले ते शिकविण्यासाठीं, पण आधीं त्यांना शिकावें लागलें. बंगालींत त्यांचे गुरु मृत्युंजय विद्यालंकार. तुमच्या मराठींत कोण?" तें नांव आम्हांस ठाऊक होतें: फोर्ट विल्यम कॉलेजांतील मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा. सिंहासन बत्तिशी (१८१४), हितोपदेश (१८१५) व राजा प्रतापादित्याचें चरित्र (१८१६) हीं त्यांचीं मराठी पुस्तकें येथेंच छापलीं गेलीं. अक्षरांचे ठसे पंचानन कर्मकार व त्यांचा जांवई मनोहर यांच्या हातचे.

येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. या मंडळींचा मूळ हेतु धर्मांतराचा होता, आणि तो त्यांनीं कधीं लपविलाहि नाहीं. तो हेतु आम्हांस पटत नाहीं, पुढेंहि पटणार नाहीं. परंतु हेतु पटला नाहीं म्हणून घडलेली गोष्ट खोटी ठरत नाहीं. आपल्याकडे देवऋण व पितृऋण यांच्याबरोबर ऋषिऋण सांगितलें आहे. तें मानतांना विद्या कोणत्या दारानें आली हें पाहावयाचें नसतें. कॅरे वैजनाथपंडितांचे ऋणी, आणि मराठी त्या दोघांची. यांतील एकाचेंहि नांव गाळलें कीं हिशेब चुकतो. आम्हीं कॅरे यांचें नांव तांबड्या रेघेनें गाळलें होतें, आणि वैजनाथपंडितांचें तर वर्गांत कधीं घेतलेंहि नव्हतें.

परत आल्यावर त्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळविला. तोहि आतां शिक्षक आहे. आम्हीं त्यास सविस्तर पत्र लिहिलें, झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली व शेवटीं, 'अर्धा गुण वाढवून दिला आहे,' असें लिहिलें. आठ दिवसांनीं उत्तर आलें. त्यांत राग नव्हता. 'गुरुजींस साष्टांग नमस्कार. गुण मिळाला. त्या दिवशीं घरीं जाऊन मी आजोबांना खोटें ठरविलें होतें. ते कांहींच बोलले नाहींत. आज ते असते तर पत्र वाचून दाखविलें असतें.'

तें पत्र आम्हीं वहिनींना वाचून दाखविलें. त्यांनीं तें घडी करून देवघराच्या कोनाड्यांत, पंचांगाखालीं ठेविलें आहे.