ठोकळमानाने दोन तास

आम्ही बँकवाले हिशेबाच्या बाबतीत मोठे सोवळे. दिवसअखेर पाच रुपयांचा फरक निघाला, तर तो सापडेपर्यंत कोणी जागचा हलत नाही. (सापडल्यावर त्या आनंदात पन्नास रुपयांचा चहा होतो, ही गोष्ट निराळी.) पण एकदा बँकेबाहेर पडलो की आम्हीही चारचौघांसारखे ठोकळमानानेच जगतो. डेक्कन क्वीनचा पुणे-मुंबई प्रवास १९२ किलोमीटरचा आणि जवळजवळ सव्वातीन तासांचा. आम्ही "दोनशे किलोमीटर, तीन तास" म्हणून मोकळे होतो, आणि गाडीचा वेग ताशी ५९ वरून बसल्या जागी ६७ वर नेऊन ठेवतो!

तर सांगायचे म्हणजे, गेल्या वैशाखात साताऱ्याला माझ्या भाचीचे लग्न होते. मुहूर्त ११ वाजून ४३ मिनिटांचा. वधूला बोहल्यावर आणणारा मामा मी, म्हणजे मी पोचल्याशिवाय अंतरपाटाला काही अर्थ नाही. गाडी आमच्या मेहुण्यांची. फोनवर ते म्हणाले, "काळजी सोडा भाऊजी! पुणे-सातारा एकशेदहा किलोमीटर, दोन तास. साडेनऊला निघू."

आमची कन्या आठवीत आहे. हे ऐकताच तिने वही उघडली. "बाबा, एकशेदहा जवळच्या दहापर्यंत ना? आणि दोन तास जवळच्या कितीपर्यंत?"

"अर्धा तास धर," मी बेधडक सांगून टाकले.

म्हणजे अंतर १०५ ते ११५ किलोमीटर, आणि वेळ पावणेदोन ते सव्वादोन तास. मी बी.कॉम. झालेला माणूस. लहानाला लहानाने आणि मोठ्याला मोठ्याने भागले. वेग निघाला ६० आणि ५१. इकडे वाढले की तिकडेही वाढले पाहिजे, हा आमच्या जमा-नावेचा धर्म!

"बाबा, अंतर जास्त आणि वेळ कमी असेल तेव्हाच वेग सगळ्यात जास्त होणार ना? भागाकारात खालचा आकडा वाढला की उत्तर कमी होतं!" तिने ११५ ला पावणेदोनने भागले, ६५.७ आले. १०५ ला सव्वादोनने भागले, ४६.७ आले. म्हणजे मामाचा तो ऐटबाज ताशी ५५ चा वेग प्रत्यक्षात ४७ ते ६६ च्या मध्ये कुठेही असू शकत होता. एवढ्या फरकावर आमच्या बँकेत माणूस निलंबित होतो.

"आणि सव्वादोन तास लागले तर पावणेबारा होतील," ती म्हणाली. भाचीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. ठरले, सव्वानऊलाच निघायचे.

निघालोही. (सौ.चा शालू धरून सव्वानऊ, हा मला आजही चमत्कार वाटतो.) पण पुढे टोलनाका, मग खंबाटकी घाटात आमच्यापुढे ऊस नव्हे, लोखंड भरलेला ट्रक. अकरा वाजून गेले आणि साताऱ्याचा पत्ता नाही. कन्येने मागून विचारले, "मामा, तुम्ही दोन तास म्हणालात ते जवळच्या अर्ध्या तासापर्यंत ना?"

"अर्धा तास कसला?" मेहुणे गिअर बदलत म्हणाले. "आम्ही तासांतच बोलतो. मागे सव्वादोनच्या वर लागले होते, पण त्याला काय अडीच म्हणायचं?"

म्हणजे वेळ दीड ते अडीच तासांत कुठेही! कन्येने मागच्या मागे तोंडीच भागाकार केला. "बाबा, कमीत कमी वेग ४२ सुद्धा असू शकतो." मी काहीच बोललो नाही. ते "अर्धा तास धर" माझेच होते.

कार्यालयाच्या दारात ११ वाजून ४४ मिनिटे झाली होती. किलोमीटर झाले ११२, तास २ आणि मिनिटे २९, म्हणजे वेग ताशी ४५. फेटा सावरत दोन जिने चढलो तेव्हा ११-४६. ताई दारातच उभी. तिचे डोळे भरलेले होते, आणि भाची मुंडावळ्यांआडून माझ्याकडेच बघत होती.

गुरुजी मात्र शांत. "या मामा, या! मुहूर्त ११-४३ म्हणजे आम्ही पावणेबाराच धरतो."

मी भाचीचा हात धरला. तेवढ्यात कन्या कानाशी कुजबुजली, "बाबा, जवळच्या पाव तासापर्यंत म्हणजे साडेबावन्न मिनिटांपर्यंत चालेल. हळू चाला."