बिजागरी

(द्वितीय वर्ष, कला)

घडी घालायची आपल्याला केवढी सवय! सकाळी अंथरुणाची घडी, इस्त्रीच्या कपड्यांची घडी, लोकलच्या गर्दीत वर्तमानपत्राची तर चार बोटांएवढी घडी. पण ‘मी सायकलची घडी घालणार आहे’ असं घरी जाहीर केलं, तेव्हा आई हातातली पोळी तव्यावर टाकायची विसरून माझ्याकडे बघतच राहिली.

कारण साधं होतं. आमचं घर कल्याण पूर्वेला, मलंग रोडच्या आत. घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षा, पुढे लोकल, ठाण्याला उतरून पुन्हा रिक्षा. महिन्याचा हिशेब मांडला की आईचा चेहरा उतरायचा. सायकल स्टेशनबाहेर ठेवली तर ठाण्याला चालणं चुकत नाही. घडी झाली, तर मात्र ती लगेजच्या डब्यात भाजीच्या टोपल्यांशेजारी उभी राहील. शिवाय आमच्या गल्लीत चिखल, पुढे पेव्हर ब्लॉक, मग काँक्रीट आणि मध्ये खड्डे. म्हणजे टायर जाड हवेत. अशी सायकल विकत घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं.

बाबा डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त वेल्डर आहेत. शिक्षण सातवी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे वाचून शोधायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या महायुद्धात बी.एस.ए. कंपनीनं ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी घडीची सायकल बनवली होती. तिच्या सांगाड्याला दोन बिजागऱ्या, विंगनटनं आवळायच्या. तिचं चित्र मी मोठ्या रुबाबात बाबांपुढे ठेवलं.

उल्हासनगरच्या भंगारातून लहान मुलांची, 20 इंची चाकांची, जाड टायरची सायकल आणली. रविवारी मालकांच्या परवानगीनं वर्कशॉपमध्ये वरची आणि खालची अशा दोन्ही नळ्या कापल्या, दोन बिजागऱ्या लावल्या. घडी काही होईना! दोन्ही बिजागऱ्यांचे खिळे एका रेषेत नव्हते. बाबा हसले. “आरं, दाराच्या बिजागऱ्या एका ओळंब्यात नसल्या की दार अडतं. तुझ्या पुस्तकात हे लिहिलं नव्हतं?”

लिहिलं असेलही, मी चित्रच पाहिलं होतं. मग दुसरा मार्ग धरला. लंडनमध्ये अँड्र्यू रिची नावाच्या माणसानं 1970 नंतरच्या दशकात स्वतःच्या खोलीत घडीची सायकल बनवायला घेतली आणि खिडकीतून दिसणाऱ्या चर्चवरून तिचं नाव ब्रॉम्प्टन ठेवलं. तिच्या मधोमध एकच जाड नळी आहे. आम्हीही दोन नळ्या काढून एक जाड पाईप घातला आणि त्यावर एकच भक्कम बिजागरी. सीटचा आणि हँडलचा दांडा उंच केला. लहान चाकाचा तोटा असा, की 26 इंची चाक एका फेरीत सुमारे 207 सेंटिमीटर जातं आणि 20 इंची सुमारे 160. पाय जास्त मारावे लागणार. मी तयार होतो.

आता खरी गोष्ट सांगतो. बाबांच्या वेल्डिंगची रेघ उंच होती, खवल्याखवल्यांची. मला ती बघवेना. कॉलेजात मित्र विचारतील, “घरी बनवलीस काय रे?” एका संध्याकाळी बाबा नसताना मी ग्राइंडर आणला, ती रेघ घासून गुळगुळीत केली आणि वरून काळा रंग मारला. सायकल अगदी कंपनीची दिसू लागली.

पंधरा दिवस छान गेले. एका रविवारी नेवाळी नाक्याच्या पुढे, मलंगगडाकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर दगडांतून मी ती दामटली. परत येताना बिजागरीतून ‘कट्’ असा बारीक आवाज येऊ लागला. बाबांनी रंग खरवडला, त्या जागी घासलेट लावलं, पुसलं आणि वरून खडू फिरवला. क्षणभरात पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटली. खालच्या बाजूनं तडा गेला होता.

“माणूस बसला की पाईप वाकतो. वर दाब, खाली ओढ. तडा खालनंच सुरू होणार,” बाबा म्हणाले. मग बोट त्या गुळगुळीत जागेवर थांबलं. “हे घासलं कुणी?”

“मी.”

“का?”

बराच वेळ मी गप्प होतो. शेवटी म्हणालो, “कंपनीची वाटावी म्हणून.”

“कंपनीत तरी वेल्डिंग कोण मारतं रं? माझ्यासारखाच कुणीतरी ना?”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. तड्यावरच पुन्हा वेल्डिंग मारा, असं मी सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. तेवढा तुकडाच कापून टाकला, नवा पाईप घातला, आणि पुढचा अख्खा रविवार त्यात गेला. त्या रविवारचा ओव्हरटाइम बुडाला, हे मला आईकडून नंतर कळलं.

आता सायकल रोज माझ्याबरोबर ठाण्याला येते. बिजागरीजवळची रेघ तशीच उंच आहे. रंगाखालूनही हाताला लागते. परवा वर्गातल्या एकानं बोट फिरवून विचारलंच, “हे काय रे?” मी सांगितलं, “वेल्डिंग. बाबांचं.”

महिन्याच्या पहिल्या रविवारी घासलेट आणि खडू घेऊन मी बसतो. तेव्हा बाबा चहाचा कप हातात धरून मागे उभे असतात.