कोटला किल्ला, छोले-कुलचे आणि पाठीवरची सॅक

शाळेच्या सहलीचा कागद आला तेव्हा सोबत एक फोनही आला, ‘‘त्याला यावेळी घरीच राहू द्या, आम्हाला जबाबदारी नको.’’ माझ्या 13 वर्षांच्या मुलाला टाइप 1 मधुमेह आहे. तो काही बोलला नाही. रात्री मात्र म्हणाला, ‘‘आई, आपण दोघंच जाऊ. पण सॅक मी भरणार.’’

फेब्रुवारीतला रविवार ठरला. दिल्लीत हिंडायला हे दिवस सर्वात चांगले, थंडी ओसरलेली असते आणि ऊन अजून बोचत नाही. त्याने सॅकमध्ये ग्लुकोमीटर, पट्ट्या, इन्सुलिनचं पेन, ग्लुकोजची पावडर, चमचा, बिस्किटं आणि पाण्याची बाटली भरली. मी दोनदा उघडून बघितली. तिसऱ्यांदा त्याने माझा हात धरला.

बाहुल्या आणि 14 नोव्हेंबर

नोएडाहून मेट्रोने मंडी हाऊसला उतरलो, तिथे गाडी बदलून आयटीओ गाठलं. बहादूरशाह जफर मार्गावरच्या नेहरू हाऊसमध्ये शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय आहे. व्यंगचित्रकार शंकर पिल्लई यांनी 1965 साली सुरू केलेलं. काचेच्या कपाटांमधून देशोदेशीच्या बाहुल्या बघताना तासभर कसा गेला कळलं नाही.

बाहेर पडताना तो म्हणाला, ‘‘14 नोव्हेंबरला नेहरूंचा वाढदिवस असतो ना, त्याच दिवशी बँटिंगचाही असतो.’’ इन्सुलिन शोधणारे फ्रेडरिक बँटिंग 1891 साली याच तारखेला जन्मले, म्हणून हा जागतिक मधुमेह दिन. जानेवारी 1922 मध्ये टोरंटोत पहिलं इंजेक्शन मिळालेला लिओनार्ड थॉम्पसनही अवघा 14 वर्षांचा होता. त्याआधी या आजाराच्या मुलांना जगवण्याचा उपायच नव्हता.

कोटल्याची हिरवळ

रस्त्याकडेच्या गाडीवर छोले-कुलचे घेतले. मी म्हटलं एक कुलचा, तो म्हणाला दोन. त्याने साखर तपासली, हिशेब केला आणि इन्सुलिन घेतलं. टाइप 1 गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यामुळे खाणं बंद करायचं नसतं, त्याचा हिशेब शिकायचा असतो.

तिथून चालत फिरोजशाह कोटला किल्ल्यात गेलो. फिरोजशाह तुघलकाने 1354 मध्ये वसवलेल्या फिरोजाबादचे हे अवशेष. तीन मजली वास्तूवर सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. तो टोपरा गावाहून आणताना कापसाच्या गादीवर आडवा केला होता, मग गाडीवरून आणि यमुनेतून नावांनी इथपर्यंत आणला. दर गुरुवारी लोक इथे जिन्नांना चिठ्ठ्या लिहून जातात, भिंतींवर मेणबत्त्यांची काजळी दिसते.

हिरवळीवर काही मुलं पकडापकडी खेळत होती. तो त्यांच्यात मिसळला. अर्ध्या तासाने परत आला तेव्हा चेहरा पांढरा, कपाळावर घाम, हात थरथरत होते. मी उठायच्या आत त्याने मीटर काढला होता. साखर 62.

‘‘घरी जाऊया,’’ माझ्या तोंडून निघालं.

‘‘आधी ग्लुकोज. मग 15 मिनिटं थांबायचं. मग बघू.’’

साखर 70 च्या खाली गेली की साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हा नियम त्याला पाठ आहे. चॉकलेट अशा वेळी उपयोगाचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते. मी घड्याळाकडे बघत बसले. ती 15 मिनिटं मला फार मोठी वाटली. मग आकडा आला 98.

दोन बिस्किटं खाऊन त्याने वहीत लिहिलं, ‘जेवणाचं पूर्ण इन्सुलिन घेतलं, लगेच पळालो. चूक माझी. खेळायचं असेल तर डोस किती घ्यायचा, डॉक्टरांना विचारणे.’ मी काही बोलायची गरजच उरली नाही.

शेजारचं मैदान

किल्ल्याला लागूनच क्रिकेटचं मैदान आहे. 7 फेब्रुवारी 1999 ला इथेच अनिल कुंबळेने पाकिस्तानचे दहाही गडी बाद केले. दहावा गडी होता कर्णधार वसीम अक्रम. त्याला 1997 सालीच मधुमेह असल्याचं कळलं होतं. ‘‘म्हणजे दोन वर्षं इन्सुलिन घेऊन तो इथे खेळायला आला होता,’’ मुलगा कुंपणाबाहेरून बघत म्हणाला. ‘‘आणि 37 धावा काढल्या.’’

खेळल्यानंतर साखर रात्रीही उतरू शकते, म्हणून त्या रात्री दोन वाजता गजर लावला. मी उठले तेव्हा त्याच्या खोलीतला दिवा आधीच लागलेला होता.

सीबीएसईने 2017 पासून अशा मुलांना परीक्षेच्या खोलीतही खाऊ आणि पाणी न्यायची परवानगी दिली आहे. पुढच्या सहलीसाठी त्याने स्वतःच एक कागद तयार केलाय. साखर उतरल्याची लक्षणं, काय द्यायचं आणि माझा फोन नंबर. सोमवारी तो बाईंना देणार आहे. मी सोबत येऊ का विचारलं. ‘‘गेटपर्यंत ये,’’ तो म्हणाला.