पेटीस कुलूप नको

शाळेस देणगी मिळणें आणि त्या देणगीचा विद्यार्थ्यांस उपयोग होणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें समजण्यास आम्हांस सारी नोकरी खर्चावी लागली. ही हकीकत सांगण्यांत आमचा मोठेपणा कांहींच नाहीं. असलाच तर कमीपणा आहे. परंतु वडिलांच्या पुण्यतिथीच्या अथवा नातवाच्या मुंजीच्या निमित्तानें शाळेस कांहीं तरी देण्याची चाल ज्या घरांतून आजहि आहे, त्या घरांतील मंडळींस ती उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें देत आहों.

आम्ही एका गांवीं इतिहास व संस्कृत शिकवीत असतां तेथील एका उदार व्यापाऱ्यानें शाळेस इतिहासाच्या नकाशांचा उत्तम संच दिला. कापडावर चिकटविलेले, वरखालीं लांकडी दांडे लावलेले असे ते बारा नकाशे होते. समारंभ झाला, नारळ फुटला, आभाराचें भाषण आम्हींच केलें. नंतर जडसंग्रह-वहींत नोंद झाली, कपाटावर दात्याचें नांव रंगविण्यांत आलें, आणि कपाटाची किल्ली आमच्या जानव्यास अडकली. पुढें ते नकाशे बाहेर निघत ते तपासणीच्या दिवशीं. एरवीं आम्ही ते काढीत नसूं. कारण फाटले तर जबाबदारी आमची! अशाच एका तपासणीच्या आदल्या दिवशीं एका मुलानें पुण्याहून वसई किती लांब आहे हें पाहण्यासाठीं नकाशावर आपली वीत ठेवली. नकाशास डाग पडेल म्हणून आम्हीं त्याच्या हातावर छडी मारली.

कांहीं वर्षांनीं एका पावसाळ्याअखेर कपाट उघडलें, तों आंत वाळवीनें दिल्लीपासून तंजावरपर्यंतचा सारा मुलूख जिंकलेला! निर्लेखनाचा कागद लिहावयास बसलों तेव्हां त्या मुलाचा हात आम्हांस आठवला. बारा नकाशांचा खरा उपयोग करूं पाहणारा विद्यार्थी सर्व वर्षांत तो एकच निघाला होता, आणि त्यास आम्हीं शिक्षा केली होती.

नोकरी संपल्यावर आम्ही वाढवणास येऊन राहिलों. डहाणू तालुक्यांतील हें समुद्रकांठचें गांव. मासेमारी, थोडी बागायत, आणि दागिन्यांचे साचे, म्हणजे ज्यास येथें डाय म्हणतात ते, कोरण्याचा घरगुती धंदा ह्यांवर इकडील संसार चालतात. दोन वर्षांमागें एके दिवशीं एक चाळिशी उलटलेले गृहस्थ पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आमच्या ओटीवर आले. नमस्कार करून म्हणाले, “ओळखलेंत का, गुरुजी? आतां इकडेच डायचें काम करतों. मुलांसाठीं थोडें सामान आणलें आहे. तुम्ही शाळेंत शिकवावयास जातां असें कळलें.” आम्हीं ओळखलें. वीत ठेवणारा तोच हात होता. त्यांस ती छडी आठवत होती कीं नाहीं, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. जातांना ते एवढेंच म्हणाले, “पेटीस कडी आहे, पण कुलूप लावूं नका.”

पेटी उघडून पाहिली. आंत एकहि शोभेची वस्तु नव्हती. महाराष्ट्राच्या व भारताच्या कोऱ्या नकाशांचे गठ्ठे, ट्रेसिंगचा कागद, पेन्सिली, खोडरबरें, सुती दोरीचे गुंडे, एक तीस मीटरांची मोजफीत, कोऱ्या वह्या आणि सहा भिंगें. भिंगांच्या पुडक्यावर त्यांनीं लिहिलें होतें कीं, आमचें पोट ह्यावांचून चालत नाहीं, मुलांचा इतिहास तरी कसा चालेल?

आम्हीं आरंभ दोरीनें केला. एक मीटर म्हणजे शंभर वर्षें असें ठरवून टोंकास आजची गांठ मारली. स्वातंत्र्याचें साल १९४७ हें पाऊण मीटराच्या किंचित् पुढें आलें; पेशवाई बुडाली तें १८१८ दोन मीटरांच्या थोडें पुढें; शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक, म्हणजे १६७४, साडेतीन मीटरांवर. मुलांस वाटलें, आतां इतिहास संपला. तेव्हां आम्हीं सांगितलें कीं, शेजारच्या चिंचणी गांवीं सांपडलेल्या एका ताम्रपटाचें साल शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ आहे, त्याची गांठ मारा. वर्गाची लांबी पुरेना. दोरी दारांतून पडवींत गेली, पडवींतून अंगणांत उतरली, आणि अकरा मीटरांवर टोंक धरून उभा राहिलेला मुलगा ओरडला, “गुरुजी, येथून तुमचें ऐकूं येत नाहीं!” सनावळ्या घोकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं, परंतु जुनें आणि फार जुनें ह्यांतील अंतर आमच्या कोणत्याहि विद्यार्थ्यास एवढ्या थोड्या वेळांत कळल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

कोऱ्या नकाशाची गोष्टहि तशीच. क्रमिक पुस्तकांतील नकाशांत वाढवण नाहीं. “आपलें गांव कोठें आहे?” असें एका मुलीनें विचारलें. छापील नकाशापुढें ह्या प्रश्नास उत्तर नव्हतें. कोऱ्या नकाशापुढें होतें. डहाणू व तारापूर ह्यांच्या मध्यें तिनें आपल्या हातानें ठिपका दिला. मग ट्रेसिंगच्या कागदावर किनारा उतरून घेऊन मुलांनीं डहाणू, तारापूर, अर्नाळा, वसई हे किल्ले मांडले. चिमाजीअप्पांच्या फौजेनें १७३९ च्या जानेवारींत तारापूर घेतलें आणि मे महिन्यांत वसई पडली, हें वाक्य मुलांस पाठ होतें. परंतु ठिपके आणि खाड्यांच्या रेघा एकत्र पाहतांच एक मुलगा म्हणाला, “सगळे किल्ले खाडीच्या तोंडालाच आहेत!” खाडी ज्याच्या हातीं, मागच्या मुलुखाची वाट त्याच्या हातीं, हें तात्पर्य नंतर मुलांनींच काढलें. तो मुलगा मासेमाराचा होता. खाडीचें तोंड म्हणजे काय, हें त्यास आमच्यापेक्षां अधिक ठाऊक होतें. आमच्याजवळ नव्हता तो केवळ चार पैशांचा कागद.

आतां त्या ताम्रपटाविषयीं दोन शब्द. चिंचणीस १९५५ सालीं हे पत्रे सांपडले, आणि दिनेशचंद्र सरकार ह्यांनीं ते ‘एपिग्राफिया इंडिका’ ह्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध केले. लेख संस्कृतांत असल्यामुळें आम्हांस त्याचा विशेष लोभ. छापील ठशाची प्रत मुलांपुढें ठेवून हातीं भिंगें दिलीं, आणि ओळखीचें अक्षर शोधा म्हणून सांगितलें. एखादें अक्षर ओळखूं आलें कीं वर्गांत जी आरोळी उठे, ती शेजारच्या वर्गास आवडत नसे. अर्थ मात्र आम्हीं सांगितला. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र ह्याच्या काळीं संजाणच्या मंडलावर, म्हणजे सध्यां गुजरातेंत तलासरीच्या पलीकडे असलेल्या संजाणाभोंवतालच्या ह्याच किनाऱ्यावर, सुगतिप नांवाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता. त्याचें दुसरें नांव मधुमति. तें महंमद ह्या नांवाचें संस्कृत रूप होय असें विद्वान् मानतात. त्यानें नदीवर फुकट नाव चालविली, अन्नसत्र घातलें, आणि अण्णैय नांवाच्या ब्राह्मणानें देवीसाठीं बांधलेल्या मठिकेस राजाच्या अनुमतीनें गांव व जमीन दिली. देवीचें स्थान ब्राह्मणानें बांधावें आणि त्याचा खर्च अरबानें चालवावा, हें ऐकून मुलें आश्चर्यानें एकमेकांकडे पाहूं लागलीं. पण त्यांचा पहिला प्रश्न निराळाच होता : “नावाड्याला पैसे कोण देई?” असा प्रश्न सुचला म्हणजे इतिहास शिकावयास सुरुवात झाली असें आम्ही समजतों.

त्या पत्र्यापासून आम्हांसहि एक धडा मिळाला. त्यांत दात्याचें नांव आहे, परंतु तेवढ्यानें तो लेख संपत नाहीं. मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य, भोजन, असा दानाचा विनियोग त्यांत लिहून ठेविला आहे. आमच्या कपाटावर नांव होतें. विनियोग कोठेंच नव्हता. जडसंग्रह-वहींत वस्तु किती शिल्लक आहेत हें लिहितात. किती कामास आल्या हें विचारण्यासाठीं तींत रकानाच नाहीं. म्हणून आम्हीं ह्या पेटीसाठीं एक निराळी वही घातली, आणि तिला ‘संपल्याची वही’ असें नांव दिलें. आज किती कागद संपले, कोणती पेन्सिल झिजली, भिंग कोणी फोडलें व तें फुटण्यापूर्वीं त्यानें काय पाहिलें, हें मुलेंच लिहितात.

ही दृष्टि ह्या तालुक्यास नवी नाहीं. ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, आणि पुढें कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ ह्यांनीं तें काम वाढविलें. शिंपले, बिया, खडे, पानें हींच त्यांचीं शिक्षणाचीं साधनें होतीं. ज्याचें मोल थोडें, तें मुलाच्या हातीं देतांना शिक्षकाचा हात आखडत नाहीं, हें त्या दोघींस फार पूर्वीं समजलें होतें. आम्हांस तें वाळवीनें शिकविलें.

पेटीची वार्ता कळल्यावर आणखीहि वस्तु येऊं लागल्या. एका घरून १९६० पूर्वींचा नकाशा आला; त्यांत महाराष्ट्र नाहीं, मुंबई राज्य आहे. दुसऱ्या एका नकाशांत आपला तालुका ठाणें जिल्ह्यांत दाखविला होता. “हे नकाशे चुकीचे आहेत,” असें म्हणून मुलें ते बाजूस ठेवूं लागलीं. चुकीचे नव्हत, त्यांच्या वेळीं ते खरेच होते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं झाला, हें सांगावें लागलें. तेव्हांपासून जुना नकाशा दिसला कीं मुलें प्रथम छापल्याचें साल पाहतात.

एका वृद्ध गृहस्थांनीं वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा गठ्ठा दिला. वाढवणच्या समुद्रांत मोठें बंदर बांधण्याची योजना जुनी आहे. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानें १९९८ सालीं ती नाकारली. त्याच प्राधिकरणानें २०२३ च्या जुलैंत नव्या योजनेस संमति दिली. आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पायाभरणी झाली. नव्या योजनेंत समुद्रांत १,४४८ हेक्टरांचा भराव आहे. “दोन निर्णयांतला खरा कोणता?” असें मुलांनीं विचारलें. गांवांत ह्या विषयावर फार तळमळ आहे. कोणास आपलें जाळें व आपला किनारा दिसतो, कोणास मुलाची नोकरी दिसते; एकाच घरांत दोन मतें आहेत. आम्हीं वर्गांत आपलें मत सांगितलें नाहीं. दोन्ही निर्णय त्यांच्या तारखांसह व कारणांसह शेजारीं शेजारीं लिहा, आणि घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून या, एवढेंच सांगितलें. मग एके दिवशीं ओहोटीच्या वेळीं मोजफीत घेऊन आम्ही सारे किनाऱ्यावर गेलों. भरतीची रेघ कोठपर्यंत येते तें मोजलें, त्या दिवसाची तारीख घातली, आणि म्हाताऱ्या कोळ्यांकडून खडकांचीं नांवें विचारून ट्रेसिंगच्या कागदावर उतरून घेतलीं. त्यांतील बरींच नांवें कोणत्याहि छापील नकाशावर आमच्या पाहण्यांत आलेलीं नाहींत. बंदर कसें होईल आणि किनारा किती बदलेल, हें आमच्या हातीं नाहीं. पण पन्नास वर्षांनीं कोणी विचारलें कीं येथें पूर्वीं काय होतें, तर दाखविण्यास मुलांच्या हातचा एक तारखेचा कागद राहील.

राजवाडे व मेहेंदळे ह्यांनीं १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, तें घरोघरच्या दप्तरांच्या बळावर वाढलें. माळ्यावरचे रुमाल लोकांनीं सोडले म्हणून मराठ्यांचा इतिहास लिहितां आला. आमच्या वाचकांच्या घरींहि जुनीं पंचांगें, जमाखर्चाच्या वह्या, बदलीच्या गांवाहून आलेलीं पत्रें, मागें सालें लिहिलेलीं छायाचित्रें असतील. मूळ कागद देववत नसेल तर त्यांच्या प्रती जवळच्या शाळेस द्याव्या. कांहीं विकत घेऊन द्यावयाचें असेल तर चौकटींत मढविलेलें देण्यापेक्षां कोरा कागद, दोरी, भिंग असें द्यावें. फाटकीं व टाकाऊ पुस्तकें मात्र दान म्हणून पाठवूं नयेत. आणि देतांना नांवाबरोबर विनियोगहि लिहावा : ही वस्तु मुलांनीं हाताळून संपवावी.

मागच्या महिन्यांत आमचे ते विद्यार्थी पुन्हां आले. पेटी रिकामी पाहून त्यांचा चेहरा खुलला. आम्हीं त्यांच्यापुढें ‘संपल्याची वही’ ठेवली. ती त्यांनीं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सावकाश वाचली, आणि मग खिशांतून कागद काढून पुढच्या सामानाची यादी करावयास घेतली. भिंतीवर मुलांनीं केलेला किनाऱ्याचा नकाशा टांगलेला होता. यादी करतां करतां ते उठले, आणि डहाणूपासून वाढवण किती लांब, हें पाहण्यासाठीं त्यांनीं त्यावर आपली वीत ठेवली.