झाकण

आमच्या घरात एकाच वर्षी दोघे राहायला आले. जूनमध्ये बंड्या आणि दिवाळीनंतर नाना.

बंड्या बंगळुरूच्या रस्त्यावरचा. कॉलनीच्या कचराकुंडीमागे सापडलेलं तांबूस रंगाचं देशी पिल्लू. नाना म्हणजे माझे वडील, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आई गेल्यावर वर्षभर साताऱ्याच्या घरात एकटे राहिले आणि मग एकदाचे यायला तयार झाले. बंड्याचं नाव मी ठेवलं. माझा नवरा कन्नड. त्याच्या भाषेत 'बंद्या?' म्हणजे 'आलास का?' त्यामुळे तो कुत्र्याला हाक मारतो की विचारपूस करतो, हे आजही नीट कळत नाही.

बंड्या चोर होता. पहिल्यांदा त्यानं ओट्यावरून चार पोळ्या पळवल्या, त्याही फडक्यासकट. आम्ही हसलो, फोटो काढला, तो सगळ्यांना पाठवला. मग उकडलेली अंडी गेली, लोणी गेलं, एकदा कुकर उघडून ठेवला तर वरचं वरणाचं भांडं गेलं. तेव्हा हसणं थांबलं आणि रागावणं सुरू झालं. बाहेरून आलं की रिकामी ताटली त्याच्या नाकासमोर धरायची आणि विचारायचं, 'हे काय?' तो कान पाडायचा, नजर फिरवायचा, शेपूट पायात घालायचा. मी नवऱ्याला म्हणायचे, बघ, कळतंय त्याला सगळं.

मग सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा गेला. पातेलंभर शिरा आणि त्यातले मूठभर बेदाणे. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, आणि किती खाल्ल्यावर काय होईल याचा नेम नसतो, हे मला त्या दुपारी जनावरांच्या डॉक्टरांकडून कळलं. त्यांनी उलटी होण्याचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस सलाइन लावलं, रक्त तपासलं. बंड्या वाचला. मी घरी येऊन ठरवलं, आता ही चोरी बंद झालीच पाहिजे.

ट्रेनरनं पहिलं वाक्य सांगितलं ते मला फारसं आवडलं नाही. म्हणाला, कुत्र्याला नंतर शिकवा, आधी ओटा पुसा. दहा उड्यांत एकदा पोळी मिळाली, तरी अकरावी उडी मारावीशी वाटतेच. रोज मिळणाऱ्यापेक्षा कधीमधी मिळणाऱ्याची ओढ जास्त, लॉटरीसारखी. म्हणून महिनाभर एकही उडी फळाला येता कामा नये. अन्न झाकून नव्हे, कपाटात. शिवाय स्वयंपाकघराच्या दाराशी एक सतरंजी घालायची. तिच्यावर बसलं की गाजराचा नाहीतर उकडलेल्या चिकनचा तुकडा तिथेच मिळतो, ओट्याजवळ कधीच मिळत नाही.

आणि शब्द एकच वापरायचा. ही खरी अडचण होती. मी 'लीव्ह इट' म्हणायचे, नवरा 'बेडा' म्हणायचा, नाना 'नको रे बाबा'. कुत्र्याला तीन भाषांत मनाई आणि एकीतही अर्थ नाही. शेवटी 'नको' ठरलं, कारण नानांचा शब्द बदलणं कुणालाच शक्य नव्हतं. मुठीत तुकडा धरायचा. बंड्या हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. मूठ उघडायची नाही. ज्या क्षणी तो स्वतः नाक मागे घेईल, त्या क्षणी 'नको' म्हणायचं आणि दुसऱ्या हातातला तुकडा द्यायचा. मुठीतला मात्र कधीच द्यायचा नाही. नाना हे तासन्‌तास करायचे. इतका चिवटपणा माझ्यात नाही.

त्याच दिवसांत मी याविषयी थोडं वाचलं. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अभ्यासक बाईंचा २००९चा एक प्रयोग आहे. कुत्र्याचा अपराधी चेहरा त्यानं खाऊ खाल्लाय की नाही यावर ठरत नाही, तर मालक रागावतोय की नाही यावर ठरतो, असं त्यात दिसलं. न खाता बोलणी बसलेली कुत्री तर जास्तच अपराधी दिसली. २०१३मधला युलियाने कामिन्स्की आणि सहकाऱ्यांचा दुसरा प्रयोग सांगतो, की मनाई केलेलं अन्न अंधारात असेल तर कुत्री ते जास्त वेळा उचलतात. म्हणजे माणसाला काय दिसतंय, याचा हिशोब त्यांच्याकडे असतो. मी हे सगळं जेवताना मोठ्या हौसेनं सांगितलं. नाना ऐकत होते.

पण वाचलेलं अंगात उतरायला वेळ लागतो. साताऱ्याच्या काकूनं बेसनाचे लाडू पाठवले होते, प्रत्येकावर एक बेदाणा लावलेले. मी ते स्टीलच्या घट्ट डब्यात भरून जेवणाच्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवले. कपाटाच्या नियमातून डबा सुटला, कारण झाकण घट्ट होतं. चार दिवसांनी मोजले तर सहा कमी. नवऱ्यानं एकही खाल्ला नव्हता. नानांना मधुमेह, त्यांचा प्रश्नच नव्हता. मी बंड्याकडे वळून ओरडले आणि त्यानं कान पाडले. माझी खात्री पटली.

त्या संध्याकाळी पुन्हा रिक्षा, पुन्हा दवाखाना. बंड्या नानांच्या मांडीवर होता. नाना दोनदा 'अगं' म्हणाले आणि थांबले. मी फोनवर होते. इंजेक्शन दिलं, बंड्यानं सकाळचा भात ओकून टाकला. लाडवाचा कणही निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, खाल्ला नसावा. मी म्हटलं, पचला असेल.

डबा टेबलावर होता आणि त्याचं झाकण लावलेलं होतं. खाऊन परत झाकण लावणारा कुत्रा मी कुठे पाहिला होता, कोण जाणे. नवऱ्यानं लावलं असेल, असं मी मनात म्हटलं आणि पुढे गेले.

या सगळ्याच्या आठ दिवस आधी नानांची तीन महिन्यांची साखर ८.९ आली होती. मी त्यांच्या डॉक्टरांना ठणकावून सांगितलं, पथ्य कडक आहे, ताट मीच वाढते. त्यांनी गोळी वाढवली.

लाडवांचा डबा मी कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली. बंड्या सुधारला. निदान मी तसं नवऱ्याला सांगितलं. चौथ्या रात्री तीनच्या सुमारास स्वयंपाकघरातून खडखड ऐकू आली. मी अंधारातच ओरडले, 'बंड्या, नको!' आणि दिवा लावला.

कपाटाच्या कडीवर नानांचा हात होता. सदरा घामानं भिजलेला, हात थरथरत होते. माझ्याकडे बघून त्यांनी आईला नावानं हाक मारली. बंड्या सतरंजीवर बसलेला होता.

साखर ५२ निघाली. साखरेचं पाणी पाजलं, बिस्किटं दिली. पंधरा मिनिटांनी ८८. मग ते नीट ओळखीनं बोलू लागले.

'रोज दीड-दोन,' ते म्हणाले. 'तुझी आई निजताना द्यायची एखादा, दुधाबरोबर. आधी बिस्किटं घ्यायचो, मग हे आले.'

'मागायचं की, नाना.'

'लेकीच्या घरात काय मागायचं? आणि तू दिला असतास होय?'

दिला नसता. ते मी बोलले नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले, 'त्या दिवशी रिक्षात बोलायला पाहिजे होतं मी. जनावराला सुई टोचली माझ्यापायी.' त्यांनी मान खाली घातली. मी उठून कप विसळायला गेले.

डॉक्टरांना खरं सांगितलं. गोळी कमी झाली. लाडूही बसला हिशोबात, अर्धा, जेवणातली एक पोळी कमी करून. डबा आता वरच्या फळीवर असतो, तिथे बंड्या पोचत नाही. नानांचा हात पोचतो. कुलूप नाही. पहिल्या आठवड्यात मी रोज लाडू मोजले. नंतर लाज वाटली म्हणून सोडून दिलं. खरं सांगायचं तर कधीमधी अजून मोजते.

बंड्याची चोरी पूर्ण गेली, असं म्हणणार नाही. मागच्या महिन्यात पाहुण्यांच्या पोरानं खुर्चीवर ठेवलेलं सँडविच त्यानं उचललंच. पण ओट्यावर पाय टाकत नाही. संध्याकाळी कणीक मळायला घेतली की आपणहून सतरंजीवर जाऊन बसतो आणि नानांकडे बघतो.

नानांनी एक वही घातली आहे. आयुष्यभर वेबिल जुळवलेला माणूस, त्यामुळे रकाने आखूनच. काल रात्री झाकण वाजलं. बंड्या माझ्या खोलीत नव्हता. मी उठले नाही. सकाळी टेबलावर वही उघडी होती: रात्री १०.४०. लाडू अर्धा. बंड्या, गाजर दोन तुकडे. शिल्लक लाडू साडेसात.